गेरू, तांदूळ आणि डोंगरातले रंग

१९३२ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इंडियन स्कूलमध्ये डोरोथी डन या शिक्षिकेने चित्रकलेचा वर्ग काढला. त्याआधी अशा सरकारी शाळांमधून आदिवासी मुलांची भाषा, वेश, नाच, सगळंच पुसून टाकायचं धोरण होतं. डनबाईंनी मुलांना सांगितलं, तुमच्या गावचं काढा. मुलांनी हरणं काढली, घोडे काढले, नाचातली जनावरांची सोंगं काढली. सपाट रंग, ठळक कडा, सावली नाही की क्षितिज नाही. न्यू मेक्सिकोतल्या प्यूब्लो लोकांचा रंगीत प्राणी जगाला ठाऊक झाला तो बराचसा या वर्गामुळे. सॅन इल्देफोन्सो गावचे क्रेसेन्सियो मार्टिनेझ आणि अवा त्सिरेह मात्र त्याच्या कितीतरी आधी कागदावर काम करत होते. शाळेचं कौतुक सांगताना ही नावं गळतात, ती गळू नयेत.

पुढे गिऱ्हाइकांना तीच हरणं हवी झाली. कोऱ्या कागदावर झेप घेणारं हरीण इतक्यांदा निघालं की डिस्नेच्या १९४२ च्या चित्रपटावरून टीकाकार या शैलीला ‘बांबी’ म्हणू लागले. कोचिती गावच्या जो हेरेरांनी १९५० च्या दशकात ती वाट सोडली आणि खडकांवरच्या जुन्या कोरीव आकृत्यांकडे ते वळले. मला जवळच्या वाटतात त्या पाब्लिता वेलार्दे (१९१८–२००६). सांता क्लाराच्या, डनबाईंच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. त्यांनी रानातून रंगीत दगड-माती वेचून आणली, आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर वाटली आणि त्या भुकटीने चित्रं रंगवली. हरीण ज्या डोंगरात चरतं, त्याच डोंगरातून त्याचा तांबूस रंग आला.

आपल्याकडे डहाणूच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक सवाशिणी काढत आल्या. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. रंग एकच, पांढरा. चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोचले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. इथे त्यांना जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) भेटले, लग्नकार्य नसतानाही चित्रं काढणारे. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, मधे २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगबरोबर प्रदर्शन. एवढं जग पुढ्यात येऊनही मशेंचे बैल, मुंग्या, मासे पांढरेच राहिले. पिठाच्या जागी ॲक्रिलिक आलं, पण कापडावर खाली शेणाचं सारवण होतं. बाजार रंग मागत असताना एका रंगावर थांबायला मोठी धमक लागते, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वऱ्हाडातल्या वरवट बकाल गावात रंग चढतो तो थेट जनावरावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी: वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद-तूप लावायचं. दुसऱ्या दिवशी धुऊन-पुसून अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. अंगावर कुठे किती ठसे उमटवायचे, पांढऱ्या बैलाला काय शोभतं आणि तांबड्याला काय, हे घरातल्या जाणत्याला नेमकं कळायचं. ती निवड चित्रकाराचीच. पुढे शिंगांवर डब्यातला ऑइल पेंट आला. चकाकी वाढली, रंग टिकूही लागला. पण निळी, गुलाबी शिंगं पाहताना मला ते बांबीचं हरीण आठवतं. आता ट्रॅक्टरने बैलच कमी केलेत. इकडे सातपुड्याचा पायथा, तिकडे पूर्णेचा खारपाणपट्टा, मधल्या गावांत पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या पूर्वीसारख्या दाटत नाहीत.

शाळांच्या भिंतींवर हल्ली वारली नाच रंगवलेला दिसतो. चांगलंच आहे. पण सजलेला वऱ्हाडी बैल त्या भिंतीवर का नसावा? मुलांना ऑइल पेंटचा डबा देऊ नये. गेरू भिजवू द्यावा, हळद कालवू द्यावी, चुलीतला कोळसा वाटू द्यावा, आणि घरच्या बैलाच्या कोणत्या अंगावर कसले ठसे असायचे ते आजोबांना विचारून यायला सांगावं.