बांधावरचा एक दिवस... एकटीनं!

मैत्रिणींनो, येळवस आली की लातूर शहर कसं रिकामं होतं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मार्गशीर्षातली ती अमावस्या, जिल्ह्याला सुट्टी आणि जो तो आपल्या नाहीतर पाहुण्यांच्या शेतात! कडब्याच्या कोपीतली पूजा, भज्जी, आंबील... त्या दिवशी शेत पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. पण कामात असलेलं शेत बघायचं तर आश्विनात जायला हवं. आणि माझं ऐकाल तर एकटीनं जायला हवं. घरच्यांबरोबर गेलं की आपण डबे सोडायचे, वाढायचं, आवरायचं. गप्पा होतात त्या मालकांच्या मालकांशी. एकटीनं गेलं की शेतातल्या बाया आपल्याशी बोलतात.

हे डोक्यात यायचं कारण साधं. बचत गटाच्या कामात मला बायांचे फॉर्म भरून द्यावे लागतात. ‘व्यवसाय’ या रकान्याशी आलं की दिवसभर रानात राबणारी बाई सांगते, “लिवा, घरकाम.” मग शेतकरी कोण? तर मालक! म्हटलं, एकदा हिच्या कामाच्या जागी जाऊन बघावं.

२०२५ च्या ऑक्टोबरातला, दसरा आणि दिवाळीच्या मधला एक दिवस धरला. “एकटीच? आणि शेतात तुझं काय काम?” असं घरात विचारून झालं. सासूबाईंनी मात्र काही न बोलता भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सकाळची नांदेड-लातूर एसटी पकडली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धंच तिकीट पडतं. त्यामुळे खर्चाचं कारणही फारसं उरलं नाही.

लोहा मागं पडलं की बालाघाटाचे चढउतार सुरू होतात. इकडं लाल कंधारी गाईंचा मुलूख, पुढं लातूरकडं देवणीचा. आश्विनातलं ऊन, पाऊस उघडल्यावरचं स्वच्छ आभाळ, हिरवीगार तूर आणि मधेमधे वाळून पिवळं पडलेलं सोयाबीन. खिडकीतून सगळं फार सुंदर दिसत होतं. पण नीट बघितलं की काळे पडलेले पट्टेही दिसत होते. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली लाखो हेक्टर पिकं पाण्यात घातली होती.

अहमदपूरला उतरले. तिथून टमटमनं गटातल्या एकीच्या माहेरच्या गावाला गेले आणि पुढं पांदण रस्त्यानं चिखल तुडवत शेतात. सात-आठ बाया विळे घेऊन सोयाबीन कापत होत्या. शेंगांची टोकं बोचतात म्हणून कुणी हाताला फडकं गुंडाळलेलं, कुणी चक्क पायमोजे हातात घातलेले. एकरावर गुत्तं घेतलं होतं. “येकट्याच आलाव? मालक कुठंयत?” पहिला प्रश्न हाच. नांदेडला आहेत म्हटल्यावर सगळ्या खळखळून हसल्या. मग मलाही एक विळा मिळाला. अर्ध्या तासात माझी कंबर धरली, त्यांची पात पुढं निघून गेली!

दुपारी आखाड्यावर भाकरी सोडल्या. शेतमालकीणही आमच्यातच जेवायला बसली. पेरणी कधी झाली, बॅगा किती लागल्या, खुरपणी किती वेळा केली, कोणत्या पट्ट्यात पाणी साचलं आणि शेंगेतच कोंब फुटले, हे तिला तोंडपाठ. मी विचारलं, “मागच्या साली काय भावानं गेलं?” ती म्हणाली, “ते मालकाला ठावं. मोंढ्यात तेच जातेत. पट्टी त्यांच्याच नावची.” “आणि सातबारा?” “सासऱ्याच्या नावावर हाय आजून.”

गोष्ट साधी वाटते, पण तिचा अर्थ बघा. अतिवृष्टीची मदत जमा होते ती खातेदाराच्या बँक खात्यात. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळीकडं आधी कागद विचारतात. आणि घरातला पुरुष अचानक गेला, तर वारसाच्या नोंदीसाठी हेलपाटे घालायचे तिनंच. आत्महत्या झालेल्या घरांत हे आपण किती वेळा बघितलंय! २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका १४ टक्क्यांच्या आसपासच होत्या. राबणाऱ्यांत आपण पुढं आणि नावात मागं.

त्याच शिवारात दुसरं एक शेत बघितलं. तिथल्या बाईनं नवऱ्याकडून एक एकर मागून घेतलाय. त्यात सोयाबीन नाही. थोडी ज्वारी, तूर, उडीद-मूग, कडेला आंबाडी, घोसाळी, मेथी, कोथिंबीर. “पावसानं त्येंचं सोयाबीन गेलं, माझा भाजीपाला पण गेला अर्धा. पण घरी खायला उरलं की ताई!” हे बोलताना तिच्या आवाजात जो ठामपणा होता, तो आधीच्या शेतात ऐकला नव्हता. काय पेरायचं, हे तिनं स्वतः ठरवलं होतं.

‘एक एकर’ची ही कल्पना आपल्याच भागात रुजली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावं पुन्हा उभी करताना बायकांना संघटित करणाऱ्या प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ ही संस्था. तिनं दुष्काळात लातूर-धाराशिव भागातल्या बायकांना सांगितलं, घरच्या जमिनीतला एखादा एकर मागा आणि त्यात आधी खायचं पिकवा. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं.

त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. त्यातूनच पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे करायचा. पुढं सरकारनंही याच नावाची योजना आणली. तिच्यात नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. अट एकच, अर्ज त्यानं करायचा. म्हणजे विषय घरात आपणच काढायचा!

तुम्हालाही असा दिवस काढायचा असेल तर ओळखीचं गाव निवडा. कुठं चाललात ते घरी आणि गावातल्या एकीला सांगून ठेवा. पाणी, टोपी किंवा पंचा आणि जुनी चप्पल घ्या. पाहुणी म्हणून जाऊ नका, हातात विळा मागा. परतीची शेवटची गाडी कधी, ते उतरतानाच विचारून घ्या. मी संध्याकाळी पाचची गाडी धरली, अंधार पडल्यावर घरी पोचले. घर जागेवर होतं!

आता एक आपल्या, शहरात राहणाऱ्यांच्या बाबतीतलं. आपल्यापैकी किती जणींना माहेरच्या शेताचा गट नंबर माहीत आहे? मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. आणि तरी ‘हक्कसोड पत्रा’वर आपण सह्या करतो. कधी भावावरच्या मायेनं, कधी माहेर तुटेल या भीतीनं. सही करायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण न वाचता करू नये. सातबारा आता मोबाइलवर बघता येतो. सही-शिक्क्याची डिजिटल प्रत काढायची तर अवघ्या पंधरा रुपयांत निघते.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केलंय. भाषणं होतील, सत्कार होतील. आमच्या गटानं मात्र एक छोटी गोष्ट सुरू केलीय. फॉर्म भरताना शेतात राबणाऱ्या बाईनं ‘घरकाम’ म्हटलं, की आम्ही तिला थांबवतो आणि आज सकाळपासून काय काय केलं ते विचारतो. तिचं सांगून झालं की ती स्वतःच म्हणते, “मंग लिवा की, शेती.”