जुम्मा तलावाकांठची गिरणवस्ती

नागपूरच्या जुम्मा दरवाजापाशीं १८१७ च्या डिसेंबरांत भोसल्यांच्या अरब सैनिकांनीं इंग्रज फौज थोपविली. त्याच परिसरांत, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जमिनीवर, १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथें कामकऱ्यांना १८८६ मध्यें निवृत्तिवेतन व १९०१ मध्यें भविष्यनिर्वाह निधि मिळूं लागला; इंदोऱ्याची कामगार-वसाहत मात्र पुढें कैक वर्षांनीं उभी राहिली. वार्धक्याची तरतूद आधीं, निवाऱ्याची मागाहून! आम्हीं त्या गिरणीचीं धोतरें वापरलीं, तिच्या भोंग्यावर घड्याळें लावलीं. परंतु विणकर रात्रीं कोठें निजतो, हें कधीं विचारलें नाहीं. २००२ मध्यें गिरणी बंद पडली. आतां विचारावें तरी कोणास?