प्रोटिया घेताना फूल नाही, पानं बघा

आजचा भाग फुलांवर आहे, पण गजऱ्यातल्या किंवा हारातल्या फुलांवर नाही. मी राहते केपटाऊनला, आणि इथलं फूल म्हणजे प्रोटिया. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं ना? दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट टीमला ‘प्रोटियाज’ म्हणतात, ते या फुलावरूनच. त्यातला सगळ्यात मोठा तो किंग प्रोटिया. पूर्ण उमललेला किंग जेवणाच्या ताटाएवढा होतो. १९७६ पासून तो या देशाचं राष्ट्रीय फूल आहे.

आता माझी फजिती ऐका. माझ्या एका मैत्रिणीचं रजिस्टर लग्न होतं, जून महिन्यात, शनिवारी. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “फुलांचं माझ्याकडे लागलं.” मंगळवारीच तीन किंग आणि वीसेक गुलाबी प्रोटिया घेऊन आले. गुलाबी म्हणजे ते, ज्यांच्या पाकळ्यांच्या टोकाला काळी मखमली झालर असते. आता चार दिवस ठेवायची कशी? घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू आणला की आजी तो ओल्या फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. मीही तेच केलं. बादलीत पाणी, जिन्याखालची खोली, दार बंद.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर फुलं अगदी ताजी, आणि पानं काळीकुट्ट! वणवा लागून गेल्यासारखी. दोन तासांत लग्न. मला रडायलाच आलं.

ही पानं काळी का पडली, हे कळलं की प्रोटिया निवडणं, सांभाळणं आणि सजवणं, तिन्ही गोष्टी आपोआप कळतात.

आपण ज्याला प्रोटियाचं फूल म्हणतो, ते एक फूल नसतंच. मधला जो गोंडा दिसतो ना, त्यात शेकडो बारीक फुलं असतात. बाहेरच्या रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे खरं तर रूप बदललेली पानं. आपल्याकडच्या बोगनवेलीसारखंच समजा. आणि ही सगळी बारीक फुलं भरपूर मध तयार करतात. इथे केप शुगरबर्ड नावाचा लांब शेपटीचा पक्षी आहे, तो याच मधावर जगतो. एका जातीच्या फुलांमधला मध गोळा करून, आटवून पूर्वी इथले लोक खोकल्यावर पाक बनवायचे. आफ्रिकान्स भाषेत प्रोटियाच्या झाडाला चक्क ‘साखरेचं झुडूप’ म्हणतात.

मग ही साखर येते कुठून? पानांतून. झाडावर असताना पानं उन्हात साखर बनवतात आणि फुलाला पुरवतात. आपण फांदी कापली तरी फुलाची भूक थांबत नाही. ते पानांकडून साखर ओढतच राहतं. उजेड असेल तर पानं थोडी तरी नवी साखर बनवतात. अंधारात कमाई शून्य आणि खर्च चालू. बँकेतली शिल्लक संपली की पानांच्या पेशी मोडायला लागतात, आतली द्रव्यं हवेशी मिसळतात आणि पान काळं पडतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, साधारण तसाच प्रकार.

म्हणजे मी फुलं जपली नव्हती, पानांना चार दिवस उपाशी ठेवलं होतं. त्यातून मी आणलेली झालरवाली जात या बाबतीत फार नाजूक. सगळे प्रोटिया इतके चटकन काळे पडत नाहीत.

आता एकेक करून बघू.

आधी निवड. प्रोटियाचं फूल आपल्याला फसवतं. ते जाड, कडक असतं, कोमेजून मान टाकत नाही. आठवड्याचं शिळं फूलही ताजं दिसतं. म्हणून दुकानात गेलात की नजर फुलावरून खाली न्या. पान हिरवंगार हवं. कडेला तपकिरी-काळे डाग दिसायला लागले असतील तर ते फूल बरेच दिवस अंधाऱ्या खोक्यात काढून आलंय. सगळी पानं आधीच काढून टाकलेली असतील तर किती जुनं आहे ते विचारा. दुसरं, कळी घट्ट मिटलेली घेऊ नका. टोकाशी पाकळ्या जरा सैल झालेल्या, उमलायच्या बेतात असलेल्या हव्यात. गुलाबाची कळी घरी उमलते, पण प्रोटियाची अगदी घट्ट कळी कापल्यावर बहुतेक वेळा तशीच राहते.

घरी आणल्यावर काय करायचं? देठ लाकडी असतो, साधी कात्री चालत नाही. छाटणीची धारदार कात्री घ्या आणि खालून दोन सेंटीमीटर तिरका काप द्या. देठ हातोडीने ठेचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ठेचलेल्या देठातून पाणी नीट चढत नाही आणि जंतू मात्र भरपूर वाढतात. पाण्यात बुडतील ती पानं काढा. फुलदाणी खोल हवी, कारण प्रोटिया खूप पाणी पितो. रोज पातळी बघा, दर दोन दिवसांनी पाणी बदला, आणि बदलताना देठ थोडा परत कापा.

पाण्यात साखर घाला. फुलांसोबत पुडी मिळाली असेल तर उत्तम, तिच्यात साखर आणि जंतुनाशक दोन्ही असतं. नसेल तर एक लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे साखर आणि ब्लीचचे दोन-चार थेंब. ब्लीच विसरू नका, नुसत्या साखरेने जंतूंचीच मेजवानी होते.

आणि मुख्य म्हणजे उजेड! फुलदाणी खिडकीजवळ ठेवा. तापलेलं थेट ऊन नको, कारण गरमीत साखर अजून भराभर संपते. थंड आणि उजेडाची जागा, एवढं लक्षात ठेवा.

एक युक्ती तर मला फारच आवडली. फुलाच्या लगेच खाली, पण पानांच्या वर, देठाची साल पातळ पट्टीएवढी गोल सोलून काढायची. साखर सालीतून जाते, पाणी आतल्या लाकडातून. साल काढली की साखरेचा रस्ता बंद, पाण्याचा चालू. पानं बरेच दिवस जास्त हिरवी राहतात. फक्त लाकडात खोल काप जाऊ देऊ नका.

आता सजावट. किंगचं डोकं जड असतं, हलकी काचेची फुलदाणी आडवी होते. बुडाला जड, मातीची किंवा दगडी घ्या. एका फुलदाणीत एकच किंग पुरे, तोही देठ आखूड कापून, काठाच्या जरा वर. त्याच्या मागे वेगवेगळ्या उंचीवर छोटे प्रोटिया. मधल्या जागा भरायला ल्यूकाडेंड्रॉनच्या लालसर फांद्या. तोही याच कुळातला. तुमच्या ओळखीचा सिल्व्हर ओकही याच कुळातला बरं का, फक्त तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आणि पानं गच्च ठेवू नका. थोडी विरळ केली तर उरलेल्यांना उजेड मिळतो.

तर त्या शनिवारी मी काय केलं? काळ्या पानांची ती बादली घेऊन ॲडर्ली स्ट्रीटला धावले. तिथे शेजारच्या ट्रॅफल्गर प्लेसमध्ये फुलवाल्या बसतात, शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. एका मावशींनी बादलीत बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, “पोरी, फुलाला काहीच झालेलं नाही. पानं काढ.” आणि माझ्यासमोर सरसर ओरबाडायलाच लागल्या. पाच मिनिटांत सगळे देठ उघडे. वर ल्यूकाडेंड्रॉनची एक जुडी घेतली, त्याचेच पैसे दिले. फोटोंत कुणालाही काही कळलं नाही. मैत्रिणीला तर मी हे आज पहिल्यांदाच सांगतेय. सॉरी गं!

पानं काळी पडली म्हणजे फूल मेलं, असं समजून प्रोटिया फेकू नका. पानं काढा, फूल अजून बरेच दिवस टिकेल. नंतर पाणी आटू द्या, नाहीतर उलटं टांगून वाळवा. रंग फिका होतो, आकार राहतो. त्या लग्नातला एक किंग अजून माझ्या टेबलावर आहे, वाळलेला आणि पानांशिवायचा.

कधी मोठ्या फुलवाल्याकडे बाहेरून आलेला प्रोटिया दिसला तर आधी पानं बघा, आणि घरी नेऊन कपाटात कोंडू नका. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, बाय!