दोन वडिलांची वंशावळ

मंडळी, युरोपात गादी बहुतेक वेळा रक्तानंच मिळायची. 1589 साली फ्रान्सचा राजा निपुत्रिक गेला, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या नवव्या लुईपासून निघालेल्या शाखेतला चौथा हेन्री वारस ठरला. फ्रान्समध्ये दत्तकाला वाव नव्हता.

आता आपल्या नंदुरबारजवळचं बघू. नवापूर ओलांडलं की सोनगड, गायकवाडांचं बडोद्याआधीचं ठाणं. 1875 साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं आणि खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायची मुभा दिली. पण मुलगा गायकवाडांच्याच रक्ताचा हवा! मालेगावजवळच्या कवळाण्यात शेती करणारे काशीराव हे पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्या वंशातले. त्यांचा बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला. तेच सयाजीराव महाराज. गंमत म्हणजे दत्तक वडील खंडेराव 1870 सालीच वारले होते.

मग तक्त्यात वडील कोण लिहायचे? आम्ही दोन्ही रेघा काढतो, दत्तकाची तुटक. काशीरावांची पुसली तर मुलाची निवड का झाली ते कळत नाही. खंडेरावांची पुसली तर शेतकऱ्याचा पोर बडोद्याच्या गादीवर आला कुठून, हेच कळत नाही.