केसाची दिशा, लाकडाची रेघ

विंचरून झालं की फणीत अडकलेला एक लांब केस सोडवून घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तो धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं एकमेकांवर पुढे-मागे, पुढे-मागे घासत राहा. केस हलायला लागतो. बोटं दोन्हीकडे फिरतायत, पण केस मात्र एकाच बाजूला सरकत निघालाय! आता त्याची टोकं बदला आणि पुन्हा घासा. आता तो उलट दिशेला चालू लागतो. दर वेळी पुढे जाणारं टोक एकच असतं, मुळाकडचं.

केसाला दिशा असते, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. डोळ्याला तर तो दोन्हीकडून सारखाच दिसतो, गुळगुळीत, काळा, धाग्यासारखा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मात्र वेगळंच दृश्य उलगडतं. केसाचा बाहेरचा थर म्हणजे कौलारू छप्पर. मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतके पातळ खवले एकावर एक चढवलेले, सहा-आठ थरांचे, आणि सगळ्यांच्या मोकळ्या कडा शेंड्याकडे वळलेल्या. मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवलं तर ते घसरत जातं. उलट फिरवलं तर कडांना अडतं आणि केसाला आपल्याबरोबर ओढत नेतं. म्हणून चिमटीतला केस नेहमी मुळाच्या दिशेनं चालतो.

लांब केस विंचरणं ही एवढी मोठी गोष्ट का होऊन बसली, ते याच दिशेमुळे कळायला लागतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले पन्नास ते शंभर रोज गळतात. केस आखूड असले तर ते उशीवर, खांद्यावर, न्हाणीघराच्या जाळीवर पडून जातात. लांब केसांत गळलेला केस खाली पडतच नाही. शेजारच्या हजारो केसांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. त्याचं मूळ आता मोकळं झालंय. मान हलते, पदर घासतो, झोपेत कूस बदलते, आणि चिमटीतल्या केसासारखाच तोही मूळ पुढे करून इतरांच्या मधून सरपटत जातो. गुंत्याला सुरुवात होते ती इथून. मेंढीच्या लोकरीवरही असेच खवले असतात. गरम पाणी आणि साबण लावून ती दाबत, मळत राहिलं की तंतू एकमेकांत शिरत जातात आणि एकही धागा न विणता काश्मिरी नमदा तयार होतो. डोक्यावर नमदा होऊ नये यासाठीच तर फणी! तिच्यात निघणाऱ्या पुंजक्याला मराठीत गुंतवळ हा नेमका शब्द आहे. पूर्वी बायका तो जपून ठेवायच्या, दारावर सुया-बिब्बे विकायला येणारीला द्यायच्या आणि त्यातून पुढे गंगावनं बनायची.

आता शेंड्याकडे या. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या पंचाहत्तर सेंटिमीटरच्या केसाचं टोक पाच वर्षांचं आहे. पाच उन्हाळे, पाच पावसाळे, शेकडो वेळा धुणं, हजारो वेळा विंचरणं त्यानं सोसलंय. मुळाशी सहा-आठ थर असलेले खवले शेंड्याशी झिजून विरळ झालेले असतात, कधी कधी उरलेलेच नसतात. एकाच केसाच्या एका टोकाला तान्हं बाळ आणि दुसऱ्या टोकाला पाच वर्षांचं पोर, आणि फणी दोघांवरून एकाच झटक्यात फिरवायची?

आजी तसं करू द्यायच्या नाहीत. बट मुठीत धरायची, आधी शेवटची चार बोटं विंचरायची, मग थोडं वर, मग आणखी वर, आणि टाळूपासून फणी अगदी शेवटी फिरवायची. मुलगी कुरकुरली की हात आणखी खाली यायचा. या रीतीमागचं गणित थेट २०२२ साली प्रसिद्ध झालं! हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सॉफ्ट मॅटर’ या नियतकालिकात ते मांडलं. महादेवन यांचा हात रोजच्या साध्या गोष्टींमागचं भौतिकशास्त्र शोधण्यात विलक्षण चालतो, आणि या प्रश्नामागे लेकीच्या लहानपणी तिचे केस विंचरतानाची त्यांची आठवणही होती.

लाखभर केसांचं गणित कसं मांडणार? त्यांनी प्रश्न इतका साधा केला की थक्क व्हायला होतं. दोन धागे घेतले, एकमेकांभोवती पिळले, वरचं टोक बांधून टाकलं आणि खालचं मोकळं सोडलं. फणीही एकाच दाताची घेतली. तो दात दोन धाग्यांमध्ये घालून खाली ओढायचा आणि किती जोर लागतो ते मोजायचं. एवढंच.

यातून दिसलं ते असं. आपण ज्याला गुंता म्हणतो तो बहुतेक वेळा गाठींचा नसतो, पिळांचा असतो. केस एकमेकांभोवती फिरलेले असतात. आता हे पीळ जाणार कुठे? केसाचं एक टोक डोक्यात रुतलंय, तिकडून वाट बंद. बाहेर पडायला एकच वाट उरते, मोकळ्या शेंड्याची. दात वरून घुसवून थेट खाली ओढला तर वाटेतले सगळे पीळ तो पुढे ढकलत नेतो. ते शेंड्याआधीच दाटीवाटीनं गोळा होतात, आवळतात, आणि दात अडतो. आपल्याला टाळूत जी सणक बसते ती याच दाटीची. तेच शेंड्याजवळून छोटा झटका मारला, तर तिथले दोन-चार पीळ सहज सुटून बाहेर पडतात. वाट मोकळी झाली की थोडं वरून पुढचा झटका. खालून वर, थोडं थोडं. याच गटानं एमआयटीतल्या यंत्रमानवतज्ज्ञांबरोबर २०२१ साली ब्रश धरून केसांचा गुंता सोडवणारा यांत्रिक हातही बनवला. केस किती गुंतलेत हे तो कॅमेऱ्यानं पाहतो, किती ओढ बसतेय हे संवेदकानं जोखतो आणि त्यानुसार झटक्याची लांबी ठरवतो. कुरकुर ऐकून हात खाली आणणाऱ्या आजीचं हे ज्ञान यंत्राला शिकवायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, हे मला फार मोठं वाटतं.

केसाला दिशा आहे, हे झालं. आता फणी उचला. लाकडालाही दिशा आहे!

सरपण फोडणाऱ्याला ती पक्की ठाऊक असते. ओंडका उभा ठेवून घाव घातला की चटकन दोन फाका होतात, आडवा ठेवला तर घाव घालून हात दुखतात. लाकूड म्हणजे खोडाच्या उंचीच्या दिशेनं रचलेल्या सूक्ष्म नळ्या. त्यांच्या लांबीच्या दिशेनं ते भलतंच बळकट असतं, पण आडवं ओढलं तर त्याच्या कितीतरी पट कमी जोरात फाटतं. आता विचार करा, फणीचा दात या नळ्यांच्या, म्हणजेच लाकडाच्या रेघेच्या, आडवा कापला तर? पहिल्याच गुंत्यात कडकन मोडेल. म्हणून जगातल्या कुठल्याही चांगल्या लाकडी फणीत लाकडाची रेघ दातांच्या लांबीनं धावते.

नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत लाकडी कंगे मांडलेले असतात. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली, १७०८ साली नांदेडला त्यांचं निधन झालं. न कापलेले केस आणि ते रोज विंचरायला लाकडी कंगा ही जोडी तेव्हापासून शीख माणसाच्या अंगावर आहे. सकाळ-संध्याकाळ विंचरायचं आणि कंगा जुड्यात खोचून वर पगडी बांधायची. तळहातावर मावणारा असा एक कंगा उजेडात धरून पाहा. बारीक रेघा दाताच्या टोकातून निघतात आणि पाठीतून आरपार जातात. म्हणजे दात मजबूत झाले, पण पाठ? तिच्यात त्याच रेघा आडव्या येतात, त्यामुळे ती कमकुवत झाली. म्हणून कारागीर पाठ जाड ठेवतो. तरीही लाकडी फणी फरशीवर पडली की ती दोन दातांमधल्या फटीतून उभी चिरते. तिची सगळी ताकद एका दिशेला दिलेली असते, त्याची ही किंमत.

उत्तर युरोपातल्या व्हायकिंग कारागिरांकडे ही किंमत टाळण्याची युक्ती होती. ते हरणाच्या शिंगाच्या फण्या करत, आणि शिंगालाही अशीच दिशा असते. दातांसाठी छोट्या छोट्या पट्ट्या उभ्या लावायच्या, पाठीला दोन्ही बाजूंनी शिंगाच्याच आडव्या पट्ट्या देऊन रिवेट ठोकायचे, आणि दात त्यानंतर कापायचे. एकाच वस्तूत दोन दिशा!

दात सारख्या अंतरावर कसे येत, हाही चमत्कारच. इंग्लंडमधले जुने फणीकार दोन पात्यांची करवत वापरत. एक पातं खोल, दुसरं उथळ, मध्ये दाताच्या जाडीइतकी पट्टी. खोल पातं एक फट कापत असताना उथळ पातं शेजारच्या फटीची खूण पाडतं. पुढच्या खेपेला खोल पातं त्या खुणेत बसतं. मोजपट्टी लागतच नाही, प्रत्येक दात पुढच्या दाताचं माप देतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोज’ हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं गेलं. त्यावर खलाशांच्या ऐंशीहून जास्त फण्या निघाल्या, बहुतेक सगळ्या बॉक्सवुड नावाच्या घट्ट, पिवळसर लाकडाच्या. चारशेहून अधिक वर्षं समुद्रतळाशी राहूनही बारीक दात जागच्या जागी होते. अगदी त्यांच्यात अडकलेल्या उवासुद्धा!

मग प्लॅस्टिक असताना लाकूड कशाला? स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्याच्या दाताच्या कडेवरून नख फिरवा. एक बारीक धार लागेल. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली ती शिवण आहे. झिजलेल्या शेंड्यांवरून ती धार रोज फिरते. लाकडी दात कानशीनं आणि पॉलिशकागदानं गोल केलेला असतो. दुसरी गोष्ट विजेची. हिवाळ्यात प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की केस तडतडतात आणि एकमेकांपासून लांब उभे राहतात, कारण घर्षणानं त्या दोघांवर विजेचा भार साठतो आणि तो कुठे जाऊ शकत नाही. लाकूड कोरडं दिसलं तरी साध्या हवेतही त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा वगैरे पाणीच असतं. भार मुळात कमी साठतो आणि साठला तरी त्या ओलाव्यातून निसटतो.

पाण्याची गोष्ट तर याहून भारी आहे. केस भिजला की आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पितो. तो साधारण पंधरा टक्के जाड होतो, पण लांबीनं जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. लाकूड? तेही पाणी पिऊन आडवं फुगतं आणि रेघेच्या दिशेनं जवळपास तेवढंच राहतं! एक प्राण्याच्या कातडीतून उगवलेला, दुसरं झाडाच्या खोडातून. एकात केरॅटिन, दुसऱ्यात सेल्युलोज. तरीही दोन्ही लांबट तंतूंच्या जुड्या असल्यामुळे पाण्यापुढे वागणूक तीच. म्हणून ओले केस विंचरायचे तर विरळ दातांच्या फणीनंच, कारण भिजलेला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. आणि म्हणूनच लाकडी फणी पाण्यात भिजत ठेवायची नाही. दात फुगतात, फटी अरुंद होतात, वाळताना लाकूड आकसतं आणि त्याच रेघेतून चीर जाते.

तेल मात्र दोघांनाही मानवतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्या-विंचरण्यात केसातलं प्रथिन झिजून जातं, ती झीज खोबरेलानं ठळकपणे कमी झाली, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू छोटा आणि सरळ असतो, त्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. जपानमध्ये बॉक्सवुडच्या फणीला कॅमेलियाच्या बियांचं तेल पाजतात, आणि मग फणीच ते तेल केसांवर पसरवते.

हरतालिकेच्या सौभाग्यवाणात ठेवायची फणी बाजारात सहज मिळते, पण वापरायला घेताना ती उजेडात धरून बघा. रेघ दातांच्या दिशेनं धावत असेल, दातांची टोकं गोल असतील, फटीत नख फिरवून कुठे कुसळ लागत नसेल तरच घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी तिला खोबरेलाचा हात द्या, मळ काढायला कोरडा ब्रश वापरा, पाण्यात बुडवू नका. आणि घरातल्या लेकीचे लांब केस विंचरणार असाल तर शेंड्यापासून सुरुवात करा, एका वेळी चार बोटांहून जास्त वर जाऊ नका.