कमलाबाईंची थांबलेली वर्षं

विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीत पदवी, पद, पुरस्कार यांची सालं असतात. मधली वर्षं कशी गेली, ते तिथं कुणी लिहीत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या कमलाबाई सोहोनींचंच बघा. माहेरच्या भागवत. १९३३ साली बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या नंबरानं. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर प्रमुख सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. नोबेल मिळालेला माणूस! पण कमलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी वर्षभर पारखून बघू, या अटीवर घेतलं. काम इतकं चोख, की पुढं तिथं मुलींना दार उघडलं.

१९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. श्वसनाला लागणारं एक प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यांना तिथं बटाट्यावर काम करताना सापडलं.

१९४७ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी तपासल्या, नीरा तपासली. ताजी नीरा हं, फसफसली की तिची ताडी होते. गरोदर बायांना, कुपोषित मुलांना ती पोषक ठरते, असं त्यांना आढळलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्याच संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र, पात्रता असूनही, त्यांना काही वर्षं ताटकळत ठेवलं.