अंत्यविधीचा खर्च : भाव आधी कळावा

घरात लग्न निघाले की आपण सहा महिने आधी हिशेबाला बसतो. मांडव कोणाचा, वाजंत्री काय घेतात, आचारी किती मागतो, हे चार ठिकाणी विचारतो आणि मगच सुपारी देतो. बैल घ्यायचा तर चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो. पण एक खर्च असा आहे, की तो प्रत्येक घराला कधी ना कधी करावाच लागतो, आणि त्याची चौकशी मात्र आधी कोणीच करीत नाही. तो खर्च म्हणजे अंत्यविधीचा.

या विषयावर बोलणे पुष्कळांना अशुभ वाटते. "असलं अभद्र कशाला बोलता?" असे म्हणून वडीलधारी माणसे विषय बदलतात. त्यांची भावना खोटी नाही. पण या न बोलण्याची किंमत गरीब कुटुंबाला मोजावी लागते, आणि तीही रोख. म्हणून आज जरा मन घट्ट करून हा विषय उलगडून पाहू.

पहिल्याने खर्च कशाकशाचा होतो ते पाहू. माणूस घरीच गेला तर तिरडीचे बांबू, सुतळी, मडके, कोरे कापड, गुलाल-बुक्का, हार, गोवऱ्या, कापूर, तूप आणि लाकूड. यांत सर्वांत मोठी रक्कम लाकडाची. उघड्या चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. पावसाळ्यात लाकूड ओले असले तर याहूनही जास्त. जिथे दफनाची चाल आहे तिथे खड्डा खणण्याची मजुरी असते. मुसलमान बांधवांकडे कफन आणि कबरीच्या फळ्या लागतात, ख्रिस्ती बांधवांकडे शवपेटी लागते. माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात गेला असेल, तर या सगळ्याच्या आधी मृतदेह गावी आणण्याच्या गाडीचे भाडे येते. पुढे सावडणे, दहावा, तेरावा, त्यांचे साहित्य, दक्षिणा आणि जेवणावळ. एकेक बाब लहान वाटते. बेरीज मात्र लहान राहत नाही.

आता प्रश्न असा, की बैलाच्या बाजारात घासाघीस करणारा आपला शेतकरी इथेच गप्प का होतो? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वेळ. पाहुणे निघालेले असतात, ऊन चढत असते, किंवा रात्र पडत असते. चार ठिकाणी विचारायला सवडच नसते. दुसरे कारण लाज. बाप दारात आडवा असताना लाकडाच्या भावावरून हुज्जत घालणे कोणाला बरे दिसेल? घातलीच, तर चार माणसे म्हणतील, बापापेक्षा याला पैसा मोठा झाला. तिसरे कारण माहिती नसणे. हा सौदा माणूस आयुष्यात दोन-तीनदा करतो. विकणारा रोज करतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तशी गत होते.

याचा अर्थ असा नव्हे, की विकणारे सगळेच लबाड असतात. कितीतरी गावांत लाकूडवाला पैसे नंतर घेतो, गाडीवाला दुःखाच्या घरी भाड्याचे नावही काढीत नाही. पण जिथे भाव झाकलेला असतो, तिथे चांगल्या माणसालाही संशय चिकटतो, आणि मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्याला मोकळे रान मिळते.

शेतकरी बंधूंनो, झाकलेल्या भावाचा अनुभव आपल्याला नवा नाही. एके काळी बाजारात तुमच्या मालाचा सौदा रुमालाखाली होत असे. दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल त्यालाच काय ठरले ते कळत नसे. हे मोडायला फार काळ लागला. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारासाठी कायदा झाला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा आला. उघड लिलाव, खरे वजन आणि लेखी पट्टी, या गोष्टी शेतकऱ्याचा हक्क म्हणून मान्य झाल्या. बाजार समितीत आजही सगळे आलबेल आहे असे कोणी म्हणणार नाही. पण भाव उघड असावा, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. मग जो माणूस जन्मभर आपल्या कापसाचा भाव उघड मागत आला, त्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या मुलांनी पुन्हा रुमालाखालचा सौदा का करावा?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत अंत्यविधीचे काम व्यावसायिक संस्था करतात. तिथे १९६३ साली जेसिका मिटफर्ड या बाईंनी 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' हे पुस्तक लिहून या धंद्यातील महागडे प्रकार लोकांपुढे मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाला. अखेर १९८४ साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाचा एक नियम अमलात आला. त्या नियमाचे सार तीन वाक्यांत सांगता येईल. प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा दर वेगवेगळा छापून चौकशीला आलेल्याच्या हाती द्यावा. फोनवर विचारले तरी भाव सांगावा. आणि गिऱ्हाइकाला जे हवे तेवढेच घेऊ द्यावे, नको ते गळ्यात मारू नये. इंग्लंडमध्येही २०२१ पासून अंत्यविधी-व्यावसायिकांना ठरावीक नमुन्यातले दरपत्रक दुकानात लावावे लागते. श्रीमंत देशांतल्या शिकलेल्या माणसांनाही दुःखात भाव विचारता येत नाही, म्हणून तिथे तो आधीच लिहून ठेवण्याची सक्ती करावी लागली. हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडे हे काम कोणाचे? राज्यघटनेने स्मशाने आणि दफनभूमी हा विषय राज्यांकडे दिला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे गावातील दहन व दफनाच्या जागांची व्यवस्था हे पंचायतीच्या कामांपैकी एक आहे. तेव्हा स्मशानात शेड बांधणे आणि पाण्याचा नळ आणणे एवढ्यावर पंचायतीने थांबू नये. तिथे एक भावफलकही लावावा. रेशनच्या दुकानात फलक असतो. औषधाच्या पाकिटावर, काडेपेटीवरसुद्धा किंमत छापलेली असते. मग चितेच्या लाकडालाच ती का नसावी?

त्या फलकावर काय लिहावे, ते आता सांगतो.

सर्वांत आधी लाकडाचा भाव किलोवर लिहावा. गाडीवर किंवा ढिगावर नको. का, ते साध्या गणिताने कळेल. समजा, एका ट्रॉलीचे ४,००० रुपये सांगितले. ट्रॉलीत ४०० किलो लाकूड असेल तर किलोला १० रुपये पडले. ३२० किलोच असेल तर साडेबारा रुपये पडले. ट्रॉली तीच दिसते, भाव मात्र सव्वापट झाला! त्यातून लाकूड ओले असेल तर आपण पाण्याचेच पैसे देतो, आणि चिताही नीट पेटत नाही. म्हणून पंचायतीने किंवा गावच्या सोसायटीने उन्हाळ्यातच लाकूड घेऊन, वाळवून, आडोशाला रचून ठेवावे आणि शेजारी एक काटा ठेवावा. खालून हवा खेळेल अशी लोखंडी जाळीची शवदाहिनी असली तर लाकूडही कमी लागते.

दुसरी ओळ तिरडीच्या साहित्याची. त्यात आवश्यक वस्तू वेगळ्या आणि ऐच्छिक वस्तू वेगळ्या लिहाव्यात. हार एक की दहा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण काय टाळता येते, हे त्याला ठाऊक असावे.

तिसरी ओळ गाडीच्या भाड्याची. तालुक्याच्या गावाहून किती, जिल्ह्याहून किती, परतीचे अंतर धरले आहे की नाही, रात्रीचा आणि थांबण्याचा आकार किती, हे आसपासच्या गाडीवाल्यांना विचारून लिहावे. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. १०८ क्रमांकाची गाडी रुग्णासाठी असते, मृतदेह नेण्यासाठी नसते. तेव्हा शववाहिका कुठे मिळते, तिचा फोन क्रमांक काय, हेही फलकावर हवे.

चौथी ओळ, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ज्याला पैसे पडत नाहीत त्याची. सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाला फी नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर ती मोफत होते, आणि मृत्यूचा पहिला दाखलाही मोफत मिळतो. अंत्यविधीची सेवा आणि मृतदेहाची वाहतूक यांवर जीएसटी लागत नाही. २०१७ च्या त्या कायद्यातच तसे म्हटले आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत असे सांगितले आहे, की बिल राहिले म्हणून रुग्णालयाने मृतदेह अडवून ठेवू नये. आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला १८ ते ५९ वर्षे वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो. ही रक्कम अंत्यविधीच्या दिवशी हाती येत नाही हे खरे. पण पुढे सावकाराचे पैसे फेडायला तरी येते. हे ठाऊक नसल्याने कितीतरी घरे अर्जच करीत नाहीत.

काही जण विचारतील, की फलक लावल्याने स्वस्ताई येईल का? लगेच येईलच असे नाही. गावात लाकूडवाला एकच असेल तर तो फलकावरही चढाच भाव लिहील. पण तो भाव सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढे राहील. शेजारच्या गावचा फलक आपल्याकडच्या माणसाला दिसेल. ग्रामसभेत कोणी उठून विचारील, की तिथे नऊ आणि इथे बारा कसे? हा प्रश्न विचारायला तेव्हा कोणाच्या दारात दुःख नसेल, त्यामुळे लाजही वाटणार नाही. शिवाय बुरूड, कुंभार, नाभिक, खड्डा खणणारा मजूर, यांनाही फलकाचा फायदाच आहे. आज त्यांना कोणी जास्त देतो, कोणी देतच नाही. दर ठरला की त्यांच्या कष्टाचे मोलही ठरेल.

एक खर्च मात्र कोणत्याही फलकात बसत नाही. तो म्हणजे लोकलाजेचा. दहाव्या-तेराव्याला गाव जेवू घातले नाही तर लोक काय म्हणतील, या धाकाने माणूस जमीन गहाण टाकतो. कर्ता माणूस गेलेला, घरात मिळकत नाही, आणि वर हा दुष्काळात तेरावा महिना. गाडगेबाबांनी कर्ज काढून सणसमारंभ करू नका म्हणून गावोगाव कीर्तनांतून सांगितले. १९५६ साली ते गेले, पण ते सांगणे अजून जुने झालेले नाही. इथे एकट्या घराने धीर करणे अवघड असते. म्हणून हे काम गावाने मिळून करावे. दुःखाच्या घरी बाहेरच्या माणसांनी जेवायचे नाही, उलट भाकरी आपण न्यायची, असा ठराव ग्रामसभेने केला तर गरिबाची मान खाली जाणार नाही. श्रीमंताने तो आधी पाळला पाहिजे, हे सांगायला नकोच.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. गावात हिशेब नीट मांडणारे आणि ठळक अक्षर काढणारे तुम्हीच. येत्या ग्रामसभेच्या आधी दोन-तीन जाणत्या माणसांना घेऊन एक संध्याकाळ बसा. लाकडाचा, साहित्याचा, गाडीचा भाव विचारून एका कागदावर उतरवा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. त्यांतल्या एकीत दरवर्षी भाव ताजे करा. पत्र्याच्या एका फळ्याला आणि रंगाच्या एका डब्याला फारसा खर्च येत नाही. आणि फळा स्मशानातच लावू नका. एक प्रत चावडीवरही असू द्या, म्हणजे लोकांना तो दुःखाच्या आधीच, जाता-येता, शांतपणे वाचता येईल.